सिंकमधले पाणी सावकाश का जाते?

भांडी घासून झाली तरी सिंकमध्ये दोन बोटे पाणी उभेच, ही तक्रार बेळगाव-खानापूरकडे घरभेटीला गेले की पुष्कळदा कानी येते, आणि थंडीत अधिक. त्याला कारण आहे. खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सिअसखाली थिजते. कालवणाचे तेल नळीच्या आत बसते, त्याला भाताची शिते नि पेज चिकटते. राखेने भांडी घासणाऱ्यांकडे राखेचा गाळ वेगळाच.

नळकाम करणाऱ्यास बोलावण्यापूर्वी न्हाणीघरातले पाणीही रेंगाळते काय ते पाहावे. रेंगाळत असेल तर दोष बहुधा बाहेरच्या चेंबरचा किंवा शोषखड्ड्याचा. पावसाळ्यात जमीनच पाण्याने भरलेली असली की खड्डा पाणी घेत नाही. तेव्हा घरातली नळी खरवडून उपयोग नाही.

एकटे सिंकच तुंबत असेल तर प्रथम जाळी साफ करावी. मग खाली बादली ठेवून वाकड्या नळीचे किंवा बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपचे आटे हाताने सोडवावेत. गाळ बहुधा येथेच सापडतो. ट्रॅप त्याच सिंकमध्ये धुऊ नये, पाणी पायांवर येईल! वॉशर नीट बसवून आटे आवळावेत. ट्रॅप स्वच्छ निघाला तर अडथळा पुढे आहे. तेथे लवचिक तार फिरवावी.

काही जण कटकट नको म्हणून ट्रॅपच काढून टाकतात. हे साफ चूक. त्यात राहणारे दोनेक इंच पाणीच गटाराची दुर्गंधी अडवते व झुरळांची वाट रोखते.

कॉस्टिक सोड्याची मला भीती वाटते. पाण्यात पडताच तो तापतो, कातडी व डोळे जाळतो. त्यावर ॲसिड कधीही ओतू नये. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. सोडा घातलेला ट्रॅप उघडूही नये. त्यापेक्षा भांड्यांचे तेल आधी कागदाने पुसून घ्यावे, हे स्वस्त.

बाहेर पडणारे पाणी परसात साचू देऊ नका. अशा घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात, आणि हत्तीरोग पसरवणारे तेच. ते केळी किंवा अळूच्या आळ्यात सोडावे, आळी आलटून पालटून. सोडा वापरला त्या दिवशी मात्र पाणी झाडांकडे वळवू नये.