एका पातेल्यातलं जेवण

मैत्रिणींनो, कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्या केदारखेड्यात कितीतरी बायका दिवस मावळतानाच शेतातून घरी येतात. कंबर धरलेली असते आणि पोरं दारातच विचारतात, "आई, आज काय?" भाजी करा, वरण करा, वर आठ-दहा भाकरी थापा. भाकरी थापणारीचं ताट सगळ्यांत शेवटी वाढलं जातं, हे काही मी सांगायला नको.

त्यात हल्ली पोरांना पास्ता हवा असतो. अमेरिकेत घाईच्या दिवशी एकाच पसरट भांड्यात हॉटडॉगचे तुकडे परततात, त्यातच टोमॅटो, पाणी आणि कच्चा पास्ता घालतात आणि झाकण ठेवतात. झालं जेवण! पास्ता शिजताना त्यातला पिष्टमय अंश पाण्यात उतरतो आणि रस आपसूक दाट होतो. म्हणून ते पाणी ओतून द्यायचं नसतं.

आता सांगा, आपले शेंगोळे यापेक्षा वेगळे आहेत का? पीठ मळायचं, आकार द्यायचा, उकळत्या रश्शात शिजवायचं. हॉटडॉगची उणीवही भासत नाही, कारण हुलगा, म्हणजे कुळीथ, मुळात कडधान्यच. प्रथिनं पिठातच आली.

साहित्य (चौघांसाठी): २ वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक, १०-१२ लसूण पाकळ्या, ४ हिरव्या मिरच्या, १ चमचा जिरं, हळद, तिखट, मीठ, पाव वाटी दाण्याचा कूट, ३ मोठे चमचे तेल, कोथिंबीर.

कृती: लसूण, मिरची, जिरं खरंगटून वाटा. निम्मं वाटण, हळद, तिखट, मीठ पिठात घालून घट्ट मळा. दोन चमचे पीठ बाजूला ठेवा. छोटी गोळी हातावर वळून बारीक लांबट करा, दोन्ही टोकं जुळवून कडं करा. पातेल्यात तेल तापवून उरलेलं वाटण परता, ६ वाट्या पाणी आणि चवीपुरतं मीठ घाला. पाणी खळखळ उकळलं की मगच शेंगोळे सोडा; कोमट पाण्यात ते विरघळतात. १५-२० मिनिटं शिजू द्या. बाजूचं पीठ पाण्यात कालवून कुटासोबत घाला, पाच मिनिटं उकळा. वरून कोथिंबीर.

पोरांचा हट्टच असेल तर याच फोडणीत कांदा-टोमॅटो परता, २ वाट्या कच्चा पास्ता आणि तो बुडेल इतकं पाणी घाला. हुलगे नकोत तर मटकीची मोड घाला, पोट भरतं.

शेंगोळ्यांचा खरा गुण आमच्या सासूबाईंनी सांगितला होता. "भाकरीला बसलं की उठता येत नाही, माय. शेंगोळे केले की आपणबी सगळ्यांसंगं गरम जेवतो." मला वाटतं, एका पातेल्याच्या स्वयंपाकाचं मोल भांडी कमी पडण्यात नाही, याच्यात आहे.

फक्त वळायचं काम एकटीनं करू नका. परात मधे ठेवा आणि पोरगा असो की पोरगी, घरधनी असो की सासरे, सगळ्यांना वळायला बसवा. कडी वाकडी झाली तरी रश्शात सारखीच शिजतात.