घड्याळवेड्यांचा कट्टा नेमका कोणाच्या मालकीचा?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मसुदा. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तितके गाळलेत.)

आज घड्याळांवर बोलायचंय. खरं तर घड्याळांवर कमी, आणि घड्याळांवर रात्र रात्र गप्पा मारणाऱ्या लोकांवर जास्त.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक जुनं एचएमटी पायलट घेतलं. ११०० रुपये. निळी डायल, नारिंगी काटे, एकदम चकाचक. आजोबांच्या जमान्यातलं घड्याळ आणि इतकं नवंकोरं! खुशीत फोटो काढला आणि परदेशातल्या एका घड्याळप्रेमींच्या फोरमवर टाकला. दहा मिनिटांत कुणीतरी लिहिलं की बाबा रे, हे 'मुंबई स्पेशल' आहे.

मला आधी वाटलं कौतुक चाललंय. मुंबई, स्पेशल, वडापावसारखं काहीतरी. पण जगभरच्या कलेक्टर लोकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' म्हणजे जुगाड घड्याळ. चार वेगवेगळ्या मेलेल्या घड्याळांचे भाग एकत्र करायचे, डायल नव्याने रंगवायची, केसला पॉलिश मारायचं आणि 'व्हिंटेज' म्हणून विकायचं. एचएमटी, फाव्र-लुबा, सेको ५ यांची अशी घड्याळं भारतातून जगभर गेली, म्हणून आपल्या शहराचं नाव त्या शब्दाला चिकटलं. अभिमान वाटावा की लाज, अजून ठरवतोय.

ज्याने मला हे सांगितलं त्याने नंतर मोठं उत्तर लिहिलं. डायलवरची अक्षरं भिंगातून बघ, कडा पसरलेल्या दिसतात. काटे एका मॉडेलचे, डायल दुसऱ्याची. चाळीस वर्षं जुन्या घड्याळाचा रंग असा काल लावल्यासारखा चमकत नाही. आणि हा रंग मुळात कंपनीने काढला होता का, ते जुन्या कॅटलॉगमध्ये तपास. हे सगळं त्याने फुकट लिहिलं, माझ्यासारख्या अनोळखी माणसासाठी.

आता माझा प्रश्न असा: त्याचं ते उत्तर आज कोणाच्या मालकीचं आहे?

घड्याळांच्या सगळ्यात मोठ्या फोरमपैकी एक म्हणजे वॉचयूसीक. ती आज व्हर्टिकलस्कोप नावाच्या टोरांटोच्या कंपनीच्या ताब्यात आहे. या कंपनीचा धंदा ऐकण्यासारखा आहे. ती हौशी लोकांचे कट्टे विकत घेते. गाड्या, मोटरसायकली, पाळीव प्राणी, घड्याळं, जे सापडेल ते. असे १,००० पेक्षा जास्त कट्टे तिच्याकडे आहेत. २०१५ मध्ये 'टोरांटो स्टार' वर्तमानपत्राच्या मालक कंपनीने, टोरस्टारने, तिचा ५६ टक्के हिस्सा सुमारे २० कोटी कॅनेडियन डॉलरला घेतला. जून २०२१ मध्ये ती टोरांटोच्या शेअर बाजारात आली.

वीस कोटी डॉलर. विचार करा, तिथे विकण्यासारखं काय होतं? कारखाना नाही, गोदाम नाही. माल म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनी लिहिलेली उत्तरं. कोणीतरी सर्च करतं, 'जुनं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे जातंय, काय करू', आणि बारा वर्षांपूर्वी एखाद्या निवृत्त काकांनी दिलेलं उत्तर वर येतं. बाजूला जाहिरात. क्लिकमागे पैसे. काकांना अर्थातच काही नाही. त्यांनी साइन अप करताना अटींवर टिक केलं होतं, आणि अशा अटींमध्ये साधारण हेच असतं की लिहिलेलं तुमचं, पण ते वापरायचा कायमचा हक्क आमचा.

बरं, विकत घेणारा नीट सांभाळतो का? २०१६ मध्ये बातमी आली की व्हर्टिकलस्कोपच्या १,१०० च्या आसपास साइट्सवरून सुमारे साडेचार कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. ईमेल, युजरनेम, पासवर्डचे हॅश, सगळं. एका कट्ट्याची चोरी झाली तर एका कट्ट्याचं नुकसान. हजार कट्टे एकाच छपराखाली आणले की चोराला एकच दार फोडायचं असतं.

आणि कट्टा विकलाच पाहिजे असंही नाही. २०१७ मध्ये फोटोबकेट या कंपनीने अचानक नियम बदलला. तिथे ठेवलेले फोटो दुसऱ्या साइटवर दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९.९९ डॉलर भरा. लोकांनी वर्षानुवर्षं तिथेच फोटो ठेवले होते. एका रात्रीत हजारो चर्चांमधले फोटो गेले आणि त्यांच्या जागी 'पैसे भरा'छाप चित्र आलं. घड्याळ उघडून दुरुस्त करायची पायरीपायरीने दिलेली माहिती, आणि त्यात एकही फोटो नाही. 'इथे दिसणारा छोटा स्क्रू काढा.' कुठला स्क्रू, भाऊ?

पण माझी खरी तक्रार जाहिरातवाल्यांवर नाही. जाहिरातवाल्याला फक्त गर्दी हवी असते. तुम्ही घड्याळाला शिव्या घाला नाहीतर ओव्या गा, त्याला फरक पडत नाही. मला भीती वाटते दुसऱ्या मालकाची, जो स्वतः घड्याळं विकतो.

हे नवीन नाही. १९९९ मध्येच, डॉटकॉमच्या धामधुमीत, ॲशफर्ड नावाच्या ऑनलाइन दुकानाने टाइमझोन हा तेव्हाचा प्रसिद्ध कट्टा विकत घेतला होता. आणि अलीकडची गोष्ट म्हणजे होडिंकी. चेक भाषेत 'होडिन्की' म्हणजे घड्याळ. २००८ मध्ये बेंजामिन क्लायमर नावाच्या तरुणाने ती सुरू केली, आजोबांनी दिलेल्या ओमेगाच्या प्रेमातून. लेख इतके मन लावून लिहिलेले की वाचकांचा एक गोतावळाच जमला. २०२० मध्ये गुंतवणूकदारांकडून ४ कोटी डॉलर आले. त्यात एलव्हीएमएचचा गुंतवणूक विभागही होता, म्हणजे टॅग ह्यूअर, झेनिथ आणि हुब्लो ज्यांचे ब्रँड आहेत ते. २०२१ मध्ये होडिंकीने जुनी घड्याळं विकणारी एक कंपनी घेतली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये होडिंकीच विकली गेली, वॉचेस ऑफ स्वित्झर्लंड या ब्रिटिश दुकानसाखळीला, जी रोलेक्सची अधिकृत विक्रेती आहे. संपादकीय स्वातंत्र्य तसंच राहील असं जाहीर केलं गेलं, आणि क्लायमर पुन्हा प्रमुख म्हणून परतले.

मी असं म्हणत नाही की तिथले लेखक खोटं लिहितात. चांगलं लिहितात, मी अजून वाचतो. पण हा खेळ खोटं बोलण्याचा नाहीच. तो न बोलण्याचा आहे. 'या किमतीला हे घड्याळ घेऊ नका, सहा महिने थांबा, भाव पडेल' हे वाक्य दुकानाच्या मालकीच्या पानावर किती वेळा वाचायला मिळेल? कोणी ते खोडणार नाही. ते लिहिलंच जाणार नाही.

मला 'मुंबई स्पेशल' सांगणाऱ्या माणसाला ते सांगण्यात काही मिळणार नव्हतं आणि न सांगण्यातही काही मिळणार नव्हतं. त्याच्या शब्दाची किंमत तेवढ्यामुळेच होती.

तुम्ही म्हणाल, फोरम वगैरे काकालोकांचं, आम्ही रेडिटवर असतो. ठीक. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲप्सकडून पैसे मागायला सुरुवात केली. अपोलो या लोकप्रिय ॲपच्या डेव्हलपरने हिशोब मांडला, वर्षाला २ कोटी डॉलर. त्याने ॲप बंद केलं. हजारो सबरेडिट्सनी निषेध म्हणून दारं लावून घेतली, आणि बहुतेक काही दिवसांत पुन्हा उघडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की लोकांच्या पोस्ट एआय शिकवायला वापरता याव्यात म्हणून गूगल रेडिटला वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर देणार. पुढच्याच महिन्यात रेडिटचा शेअर ३४ डॉलरला बाजारात आला. मॉडरेटर, जे रोज फुकटात स्पॅम साफ करतात, त्यांच्यातल्या काहींना त्याच भावाने शेअर विकत घ्यायची संधी दिली. विकत घ्यायची हं, फुकट नाही.

दुसरी बाजूही आहे. एकट्या माणसाने चालवलेला कट्टा म्हणजे सर्व्हरचं बिल त्याच्या खिशातून, भांडणं सोडवायची रात्री दोनला, आणि तो कंटाळला की सगळं बंद. कंपनीने घेतल्यामुळे काही कट्टे जिवंत राहिले, हेही मान्य. म्हणून 'कंपनी आली की सगळं वाईट' असं मी म्हणणार नाही. मी फक्त आधी विचारतो, हिला पैसा कशातून मिळतो? जाहिरातीतून, माझ्या माहितीतून, की मला घड्याळ विकून? पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, मालकाचं नाव बहुतेक वेळा असतं. तिथपर्यंत स्क्रोल करायला दोन सेकंद लागतात.

दुसरं, कामाचं उत्तर सापडलं की मी ते फोटोंसकट सेव्ह करतो, नुसती लिंक नाही. एचएमटीच्या घड्याळ कारखान्यांना टाळं लावायचा निर्णय सरकारने २०१६ मध्येच घेतला. आता कोणत्या वर्षी कोणत्या रंगाची डायल निघाली, हे विचारायला ते कारखाने उरलेले नाहीत. जे काही आहे ते जुने कॅटलॉग, काही म्हातारे घड्याळजी आणि या लोकांनी लिहून ठेवलेल्या चर्चा.

माझं निळं पायलट अजून टेबलावर आहे. रोज चार मिनिटं मागे पडतं. तुमच्या घरात आजोबांचं जनता, सोना किंवा पायलट असेल तर चावी देऊन बघा, डायलचा आणि मागच्या झाकणाचा स्वच्छ फोटो काढा आणि मला पाठवा. खरं आहे की मुंबई स्पेशल, पुढच्या भागात बघू.