तान्ह्या पोळ्याचा घरगुती साज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मध्ये त्या झाडावर झेंडा. माझे माहेर पांढुर्ण्याचे. त्या दिवशी आम्हा मुलांना नदीच्या बाजूस फिरकण्याची सक्त मनाई असे. दुकानाच्या फळ्या लावलेल्या, पुढचे दार बंद आणि आतल्या ओसरीवर आम्ही पाचसहा भावंडे लाकडी नंदी सजवीत बसलेली. नदीकडून गलका ऐकू आला की आमच्या माना वळत. आई म्हणे, "तिकडे कान देऊ नका, इकडे मथाटी वाकडी होते आहे." सायंकाळी गलका निवाला म्हणजे गल्लीतल्या गल्लीत नंदी ओढीत घरोघर जावयाचे आणि बोजारा घेऊन परतावयाचे, असा आमचा तान्हा पोळा होता.

आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलातला. मुलांना बैलाचे मोल कळावे म्हणून दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला, असे नागपुरात परंपरेने सांगतात. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघून त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा अशा हलत राहिल्या, तरी नंदीला दोरी बांधून दारात उभे राहणारे मूल दोन्हीकडे बोजाराच मागते.

खऱ्या बैलाला जे जे लागते ते सर्व या लाकडी बैलालाही लागते. शिंगांना बेगड, कपाळी मथाटी, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ आणि गोंडे. परंतु वीतभर नंदीसाठी बाजारातून साज आणण्याची कल्पनादेखील आमच्या घरात कोणाला शिवली नव्हती. वडिलांचे किराण्याचे दुकान. चहा त्या काळी लाकडी पेट्यांतून येई आणि पेटीला आतून चंदेरी पत्रीचे अस्तर असे. पेटी रिकामी झाली की ती पत्री आई अलगद सोडवी, चुरगळलेली जागा चमच्याच्या पाठीने घोटून सपाट करी आणि वहीत दाबून ठेवी. मथाटी करावयाची म्हणजे काड्यापेटीचे झाकण उलगडून पानाच्या आकाराचे कापावयाचे, त्यावर खळीने सीताफळाच्या बिया ओळीने चिकटवावयाच्या, वाळल्या की वरून पत्री बसवून बोटाने हळूहळू दाबावयाची. बियांचे उठाव पत्रीवर उमटत आणि दुरून पाहणाऱ्यास ते ठोकीव चांदीचे काम वाटे. शिंगांच्या शेंब्याही त्याच पत्रीच्या. कपाशीचा मुलूख असल्यामुळे कापसाला तोटा नव्हता. देवाच्या वस्त्रांसारखी कापसाची माळ वळून मणी हळद-कुंकवाने टिपले की गळ्यातला हार तयार होई. या सर्वाला खर्च किती, तर खळीपुरते चिमूटभर पीठ.

लग्न होऊन सौंसरला आले ती कापडाच्या दुकानात. इथे पत्री नव्हती, पण थानांवरची रंगीत छापील तिकिटे होती. राजेराण्या, हत्ती, मोर अशी चित्रे असलेली. नागपूरच्या एम्प्रेस मिलचा माल येई. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी आता इतिहासजमा झाली आहे. झुलीसाठी थानाची काठाकडची पट्टी आणि शिंप्याकडून आलेल्या चिंध्या. एका वर्षी पोळ्याच्या बाजारी एक जुना गिऱ्हाईक शेतकरी आला आणि मुलाच्या नंदीसाठी हातभर गोटा उधार मागू लागला. ते वर्ष पावसाने दगा दिलेले. त्याच्या नावावर आधीच बरेच मांडलेले होते. मामंजींनी खतावणीकडे पाहिले, मग गादीवरून उठले आणि चिंध्यांचे गाठोडेच त्याच्या पुढ्यात सोडले. "हवे ते निवडून घे. याला वही नाही," एवढेच म्हणाले. त्या वर्षापासून पोळ्याच्या बाजारी गल्ल्याखाली चिंध्यांची पेटी उघडी राहू लागली. मुले तासन्‌तास त्यात हात घालून बसत आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आईबाप दुकानात येत, हेही व्यापारी या नात्याने नमूद केले पाहिजे.

आता बोजाऱ्याविषयी. माझ्या पहिल्या पोळ्याला मामंजींनी बाहेरगावाहून वर्ख लावलेले पेढे मागविले होते. करंडीचे झाकण उघडले तेव्हा घर कसे उजळले! सासूबाईंनी मात्र एकवार पाहून ते पुन्हा लावून टाकले. त्या चातुर्मासात व्याख्यानात त्यांनी ऐकले होते की वर्ख कुटताना चांदीचे तुकडे बैलाच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत ठेवतात. हे पापुद्रे फाटत नाहीत आणि त्यांना चांदी चिकटत नाही, म्हणून कारागिरांची ती जुनी रीत आहे. "काल ज्याला ओवाळले, त्याच्याच आतड्यात कुटलेली चांदी आज त्याच्या नावाने वाटायची?" त्यांनी विचारले. मामंजी पैशाचा हिशेब सांगू लागले आणि मध्येच थांबले. त्या पेढ्यांचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. हल्ली कागदी पानांत यंत्राने कुटलेला वर्खही मिळतो. परंतु ताटातल्या पेढ्यावरचा वर्ख कोणता, हे पेढा पाहून कळत नाही.

मुले यावयास दोनतीन तास उरले होते. घरात कणीक होती, गूळ होता. मी नवी सून, उत्साहाने म्हणाले, "सासूबाई, कणकेचे लहान लहान बैलच तळू या का?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की माझी चूक माझ्या लगेच ध्यानी आली. यशोधर राजाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे, सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचम्पू’त ती सविस्तर आली आहे. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, तरी त्या संकल्पापायी राजाला आणि त्याच्या आईला जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावे लागले. आपल्या घरांत प्राण्याच्या आकाराचे पक्वान्न करीत नाहीत ते यामुळेच.

काय करावे, या विचारात असतानाच सासूबाईंची नजर फडताळातल्या माझ्या डब्याकडे गेली. त्यात माझ्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने होते. जानेवारीच्या थंडीत, मंद निखाऱ्यावरच्या परातीत तीळ घेऊन त्यांवर थेंबथेंब पाक घालीत आणि बोटांनी फिरवीत चार दिवस बसून त्यांनी स्वतः हलवा केला होता. काटा उमलण्यासाठी पाक एकदम ओतून चालत नाही, बोटे भाजली तरी हात थांबवून चालत नाही. तो हलवा दोऱ्याच्या गाठींत पकडून त्याचे हार, बाजूबंद, बिंदी केली होती. तो डबा पाहून त्या म्हणाल्या, "सूनबाई, बैल नको, बैलाचे दागिने करू."

ती कृती आमच्या घरी अजून चालते. पाव किलो कणकेला दोन मोठे चमचे तुपाचे कडकडीत मोहन द्यावे. शंभर ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, त्या पाण्यात कणीक घट्ट भिजवावी. वेलदोड्याची पूड घालावी. जाडसर लाटून बाटलीच्या बुचाने गोल चकत्या, कातण्याने झुलीसारखे चौकोन आणि हाताने घुंगरांच्या गोळ्या कराव्यात. कोऱ्या फणीचे दाते चौकोनांवर दाबले की झुलीची वीण उमटते. प्रत्येकाच्या मध्ये चारोळी दाबून बसवावी. ती आपल्याच छिंदवाड्याच्या रानातली, वर्खाहून अधिक शोभते आणि खाताही येते. पिवळा रंग हवा तर काही कणकेत हळद घालावी. लालसाठी बीट सोयीचे असते, पण ते कंद, म्हणून आम्ही रंगाचा आग्रहच सोडला. ओवण्याचे भोक ज्वारीच्या दाण्याहून मोठे पाडावे, कारण तळताना कणीक फुगून ते बुजते; पहिल्या वर्षी आमचा निम्मा घाणा असाच ओवता आला नाही आणि तो घरातच संपला. आच मंद ठेवावी. गार झाल्यावर स्वच्छ सुतात ओवून एकेका नंदीच्या गळ्यात एकेक माळ घालावी. हा बोजारा कोरडा असल्याने मूल घरी नेऊ शकते. आमच्याकडे वाटप सूर्यास्तापूर्वीच आटोपते. श्वेतांबर घरांत तो पर्युषणातील जन्मवाचनाचा दिवस असतो आणि त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांत वृषभही आहे, ही जुळणी मला नेहमीच गोड वाटत आली आहे.

आता दुकान माझा मुलगा पाहतो. नंदीचा तयार साज तो ठेवतो. प्लॅस्टिकचे गोंडे, चमकीची झूल, सर्व एका पाकिटात. मी कुरकुर केली तेव्हा तो म्हणाला, "आई, मी ठेवला नाही तर शेजारचा ठेवील." त्यात खोटे काही नाही, आणि दुकानदाराच्या घरात राहून मालाला नावे ठेवणे शोभतही नाही. चिंध्यांची पेटी मात्र मी त्याला हलवू दिलेली नाही. गेल्या तान्ह्या पोळ्याला माझ्या नातवाने पाकिटातली चमकीची झूल नंदीवर चढविली आणि गळ्यात माझी माळ घातली. चौथ्या घराहून तो परतला तेव्हा झूल जागच्या जागी होती. माळेचे मात्र नुसते सूत उरले होते, आणि ओठांना चारोळी चिकटलेली होती.