मेपल वृक्षाची काकवी

उंसाच्या रसापासून गूळ व काकवी करण्याची रीत आपल्या शेतकरी बंधूंस नवी नाहीं. परंतु जेथें उंसाचें एक कांडेंही रुजणार नाहीं अशा बर्फाळ मुलखांत रानांतील वृक्षांच्या खोडांतून काकवी काढणारे शेतकरी आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. कॅनडांतील क्वेबेक प्रांत व अमेरिकेंतील व्हरमाँट, न्यूयॉर्क इत्यादि संस्थानें हें या धंद्याचें माहेरघर होय. जगांतील सुमारें ७० टक्के मेपल काकवी एकट्या क्वेबेकमध्यें होते.

हिंवाळा सरतांना रात्रीं पाणी गोठावें व दिवसां बर्फ वितळावें, असे कांहीं आठवडे येतात. या उलटसुलट हवेनें खोडांतील दाब बदलून रस वाहूं लागतो. झाड साधारण चाळीस वर्षांचें झालें म्हणजे त्यास सुमारें दोन इंच खोल भोंक पाडून नळी ठोकतात. पूर्वीं नळीखालीं बादली टांगीत. आतां मोठ्या रानांतून प्लॅस्टिकच्या नळ्यांचें जाळें असतें. दर वर्षीं भोंक नव्या जागीं घेतात. त्यामुळें जुनी जखम भरून येते, आणि बेतानें रस घेतल्यास तेंच झाड पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडतें. रसांत साखर अवघी २ टक्के. म्हणून चाळीस भाग रस आटवावा तेव्हां एक भाग काकवी पदरांत पडते. पाण्याच्या उकळण्याच्या उष्णतेहून सुमारें ४ अंश सेंटिग्रेड वर पारा चढला कीं काकवी झाली असें समजतात, व ती गाळून खनिजांचा रेताड गाळ वेगळा करतात. झाडास कळ्या फुगूं लागल्या कीं रसाची चव बिघडते व हंगाम संपतो.

ही विद्या तेथील मूळ रहिवाशांची. अबेनाकी, अनिशिनाबे आदि लोक भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत रस धरीत. यूरोपीय वसाहतवाल्यांनीं ती त्यांजपासून उचलली व लोखंडी कढया आणल्या. १७९१ सालीं फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनीं टॉमस जेफर्सन यांस पत्र लिहून, गुलामांच्या श्रमांवर पिकणाऱ्या वेस्ट इंडीजच्या साखरेऐवजीं मेपलची साखर वापरावी, असें प्रतिपादिलें. जेफर्सन यांनीं आपल्या मळ्यांत रोपेंही लाविलीं, पण तीं फळास आलीं नाहींत. पुढें उंसाची साखर स्वस्त झाली, मेपलच्या साखरेस गिऱ्हाईक उरलें नाहीं, व शेतकरी काकवीकडे वळले.

स्वयंपाकांत हिचे उपयोग नानाविध आहेत. घावनासारख्या जाड पोळ्यांवर ती ओततात, हें सर्वश्रुतच आहे. क्वेबेकमध्यें पांढरा घेवडा डुकराच्या मांसासह मंद आंचेवर शिजवितांना ती घालतात. कणकेचे गोळेही तिच्यांत उकडतात. १९२९ नंतरच्या मंदींत निघालेलें ‘बेकारांचें पुडिंग’ तर हल्लीं मेजवानींतही वाढतात: साध्या पिठाच्या सरसरीत मिश्रणावर काकवी व साय ओतून भाजावें, म्हणजे गोड रस तळाशीं उतरतो. काकवी अधिक आटवून स्वच्छ बर्फावर ओतली कीं चिवट चिक्की होते. व्हरमाँटमध्यें तिजबरोबर आंबट काकडीचें लोणचें देतात. गोडानें जीभ मिटली कीं आंबटानें ती पुन्हां उघडते.

आतां बाजाराची गोष्ट. पीक हवेच्या हातीं. सुकाळांत भाव कोसळे, दुष्काळांत गिऱ्हाईक तुटे. म्हणून क्वेबेकच्या उत्पादक संघानें २००० सालीं राखीव सांठा सुरू केला. पुढें प्रत्येकाचा हिस्सा ठरवून घाऊक विक्री संघामार्फत बांधून दिली. स्वतःच्या झाडाचा माल आपल्या मर्जीनें विकतां येऊं नये, हें कांहींस जाचक वाटलें व ते न्यायालयांतही गेले. शिवाय २०१२ सालीं कोठाराची मोजणी होतांना सुमारें ३,००० टन काकवी चोरीस गेल्याचें उघडकीस आलें. कांहीं पिंपांत तर पाणीच भरलेलें होतें! तथापि २०२१ सालीं हंगाम आखूड ठरला तेव्हां संघानें सुमारें ५ कोटी पौंड सांठा बाहेर काढिला, आणि दुकानें रिकामीं पडलीं नाहींत.

गुळाच्या भावाची चढउतार ज्यानें भोगली आहे, त्यास यांतील मर्म निराळें सांगणें नको. एकजुटीनें सांठविलेला माल वाईट वर्षीं तारतो. मात्र कोठाराची किल्ली कोणाहातीं आहे व पिंपें वेळोवेळीं उघडून पाहिलीं जातात कीं नाहीं, याकडे सभासदांनींच डोळा ठेविला पाहिजे.