गंजावर रंग का टिकत नाही?

मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कवरील रंगाचे पोपडे निघाले, की पुष्कळजण त्यावर तसाच नवा रंग फासतात. एका पावसाळ्यात पोपडे पुन्हा निघतात. असे का व्हावे?

लोखंडाचा पाणी व ऑक्सिजन यांच्याशी संयोग होऊन गंज बनतो. तो सच्छिद्र असतो, आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. रंगाखाली राहिलेला गंज ओलावा धरून वाढतो व वरचा रंग उचलतो. म्हणून आधी पॉलिश पेपरने गंज पूर्ण घासावा, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसावा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा आणि मग रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. चुंबक चिकटत नसेल तर तो भाग ॲल्युमिनियमचा समजावा; त्याचा प्रायमर वेगळा असतो.

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा थिनर झपाट्याने उडतो व रंग पसरण्याआधीच सुकतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे तो पांढुरका पडतो. तेव्हा हिवाळ्यातील कोवळ्या उन्हाची वेळ उत्तम.

फोर्कच्या चकचकीत दांड्याला मात्र रंग लावू नका. तो तेलाच्या सीलमधून सरकतो. रंगाने सील खराब होऊन तेल गळते. ते ब्रेकवर उतरले, तर पोपड्यांपेक्षा मोठे संकट ओढवेल!