हाकेला न येणारा तितर

बसा सावरून, लेकरांनो. आज तितराची गोष्ट सांगतो, आणि तीही हाक ऐकली की धावत येऊन फाशात पाय घालणाऱ्या भोळ्या तितराची नाही. ज्याच्यापुढे जुन्याजाणत्या हरणशिकाऱ्यालाही आपली सगळी विद्या उलटीपालटी करून बघावी लागायची, त्या हटवादी नराची.

तितर तुम्हाला नवा नाही. आपल्या बिदरकडच्या चिंताकीहून औरादकडे निघालं की तुरीची रानं संपून मुरमाड माळ लागतो, बोरी-बाभळीची झुडपं लागतात, आणि तिथं एखाद्या सकाळी रस्ता ओलांडून तुरुतुरु पळणारी चार-सहा करडी पाखरं दिसतात ना, तीच ती. आपले कानडी सोयरे त्याला गौजलहक्की म्हणतात. उडायला पंख आहेत, पण त्याला पायांवरच भरवसा फार. अगदी अंगावर आलात तर फर्रकन उठेल, थोडं अंतर कापेल आणि पुन्हा झुडपात शिरून पळत सुटेल. दिवसभर वाळवी, किडे, गवताचं बी वेचायचं आणि रात्री मात्र जमिनीवर न थांबता काटेरी बाभळीत चढून झोपायचं, असा त्याचा संसार. नराच्या पायामागं टोकदार काटा असतो. तो कशाला, ते पुढं येईलच.

फाल्गुन उतरायला लागला की या पाखराच्या गळ्यात काहीतरी जागं होतं. पहाटे हवा गार असते, वारा पडलेला असतो, आवाज लांबवर जातो, आणि अशा वेळी नर एखाद्या ढेकळावर, बांधावरच्या दगडावर चढून छाती काढतो आणि हाळी देतो, ‘का-तितर, का-तितर’. एकाने दिली की ओढ्यापलीकडचा उत्तर देतो, मग तिसरा, आणि बघता बघता सगळं शिवार बोलायला लागतं.

आता मला सांगा, त्याला कळतं कसं की दिवस पालटले? त्याच्याकडे ना पंचांग, ना घड्याळ. तुम्ही म्हणाल, उजेड वाढलेला डोळ्यांना दिसतो. पण फ्रान्समध्ये जाक बन्वा नावाचा एक शास्त्रज्ञ होता, त्याने 1930 च्या दशकात बदकांवर प्रयोग केले आणि त्याला आढळलं की डोळे नसलेल्या बदकालाही दिवस मोठा झालेला कळतो आणि त्याच्या अंगात विणीची तयारी सुरू होते. उजेड पिसांतून, कातडीतून, पातळ कवटीच्या हाडातून आरपार जातो आणि मेंदूच्या खोल भागात उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यापर्यंत पोचतो! डोकंच खिडकी झालं म्हणा की. आपल्या बिदरकडे सगळ्यांत छोटा दिवस 11 तासांच्या आसपास आणि सगळ्यांत मोठा 13 तासांच्या थोडा वर. पाखरांचा मेंदू एवढ्याशा फरकाचाही हिशेब धरतो. उजेड वाढला की अंगातले रस वाढतात आणि कालपर्यंत थव्यात गुण्यागोविंदाने चरणारा नर आज दुसऱ्या नराला बांधावर उभा राहू देत नाही.

हा राग हरणशिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेरून ठेवलेला. हरणशिकारी म्हणजे तिकडे लातूर-सोलापूरकडे ज्यांना फासेपारधी म्हणतात, साधारण तीच मंडळी. घरात वाघरी बोलणारी, बाहेर कानडी-मराठी-तेलुगू सगळं बोलणारी. लहानपणापासून हातावर वाढवलेला बोलका तितर त्यांच्याकडे असायचा. असा तितर माणसाच्या मागं मागं पालभर हिंडायचा. पहाटे पिंजरा रानात नेऊन झुडपाच्या बुडाशी ठेवायचा, भोवती बारीक खुंट्या ठोकून फाशांची माळ लावायची, आणि मग आपण लांब दडून बसायचं. पिंजऱ्यातला बोलला की त्या रानाचा मालक तिरमिरून येतो, पायामागचा काटा परजत पिंजऱ्यावर झेप घ्यायला बघतो आणि त्या नादात पाय फाशात जातो.

आमच्या लहानपणी सुगीच्या दिवसांत चिंताकीच्या शिवेवर एका म्हाताऱ्या हरणशिकाऱ्याचं पाल पडायचं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांची ख्याती अशी, की त्यांचा तितर बोलला आणि रानाने त्यांना रिकाम्या हाती परतवलं, असं कधी व्हायचं नाही. पण एका साली एका नराने त्यांना पुरतं थकवलं. ओढ्याकाठच्या एका वाकड्या बाभळीखाली तो राहायचा. पिंजऱ्यातला बोलला की तो बोलायचा, खणखणीत बोलायचा, पण जागचा हलायचा नाही. मामा पिंजरा पुढं सरकवत, हा तिथूनच उत्तर देई. मामा थांबत, हाही थांबे.

त्याचं काय झालं ते सांगतो, पण त्याआधी तुम्हाला सात समुद्रांपलीकडे न्यावं लागेल, कारण असाच हट्टाने जागा न सोडणारा एक पक्षी अमेरिकेच्या रानात आहे, टर्की. आपल्याकडेही तो जुना पाहुणा बरं का. 1612 साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून नवलाईच्या वस्तू घेऊन आला, त्यांत हा पक्षी होता. बादशहाला अशा गोष्टींचं भारी कौतुक. त्याने आठवणींत लिहून ठेवलं की याच्या डोक्यामानेचा रंग घडीत लाल, घडीत पांढरा, घडीत निळा होतो, आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. बादशहाने पाहिलं ते खरंच होतं. त्या उघड्या कातडीत तंतूंच्या जुड्या असतात, आणि मधल्या रक्तवाहिन्या फुगल्या-आकसल्या की जुड्यांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर रंग बदलतो.

तर तिकडचे शिकारी वसंतात या टर्कीच्या नराला मादीचा आवाज काढून बोलावतात. कोणी टर्कीच्याच पंखाच्या हाडाची पिपाणी करतं, कोणी लाकडी डबीवर झाकण घासून आवाज काढतं. त्या डबीचं पेटंट आर्कन्सासच्या हेन्री गिब्सन नावाच्या माणसाने 1897 साली घेतलं. पण इथंच खरी गंमत आहे. टर्कीच्या रीतीत नराने जाग्यावर उभं राहून गडगडायचं, पिसारा फुलवायचा, आणि माद्यांनी चालत त्याच्याकडे जायचं असतं. शिकारी मादी बनून त्याला म्हणतो, तूच ये. म्हणजे तो कुळाची रीत मोडायला सांगतो! मग जाणता नर थोडा पुढं येतो, बंदुकीच्या टप्प्याबाहेर थबकतो आणि तिथंच गडगडत राहतो, की बाई, मी दिसतोय ना तुला, आता पुढचं तुझं काम. त्याला हट्टी म्हणतात, पण तो बिचारा आपल्या कुळाचारानेच वागत असतो.

मुरलेला शिकारी तेव्हा आवाज वाढवत नाही, गप्प होतो. मादी बोलायची थांबली, निघून चालली की काय, म्हणून नराच्या जिवाची घालमेल होते. दुसरी युक्ती वेळेची. भल्या सकाळी नराभोवती माद्या असतात, तेव्हा त्याला कोणाच्या हाकेची गरज नसते. पण उन्हं वर आली की माद्या एकेक करून अंडी घालायला घरट्याकडे निघून जातात, आणि सकाळी ढिम्म न हललेला तोच नर दहा-अकराच्या सुमारास एका हाकेला येतो. नराला अंडी उबवायची नसतात, पिल्लं बघायची नसतात. म्हणून तर तिथले कायदेही वसंतात साधारण नरच मारू देतात, मादी नाही.

आपल्या तितराचं सगळं उलटं. हा जोडीने राहणारा, मादीच्या आसपास वावरणारा. मादीच्या हाकेने भुलवायचं म्हटलं तर त्याची मादी तिथंच असते. तो येतो तो प्रेमाने नाही, रागाने. आणि दुसरा नर घरात शिरला तर त्याला हाकलायचं हाच त्याचा कुळाचार, म्हणजे पिंजऱ्याची हाक त्याला त्याच्या रीतीप्रमाणेच वागायला सांगते. असं असताना ओढ्याकाठचा नर का येईना?

याचं उत्तर मला फार पुढं, पुस्तकांत सापडलं. 1954 साली जेम्स फिशर नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने पाखरांच्या शेजाराबद्दल एक गोष्ट मांडली, आणि 1959 साली कॅनडात ओव्हनबर्ड नावाच्या चिमुकल्या पाखरावर ती ताडून पाहिली गेली. नर आपल्या शेजाऱ्याचा आवाज ओळखतो. बांधाला बांध लागून वर्षानुवर्षं कसणारे दोन शेतकरी जसे एकमेकांच्या ओरडण्याकडे लक्ष देत नाहीत, पण अनोळखी माणूस बांधावर दिसला की दोघेही काठी घेऊन उठतात, तशीच त्यांची वागणूक. त्याहून नवलाची गोष्ट पुढच्या प्रयोगांत दिसली: ओळखीच्या शेजाऱ्याचा आवाज नेहमीच्या बाजूने न येता भलत्याच बाजूने आला, तर नर त्याच्याशीही परक्याइतकंच भांडतो. म्हणजे आवाज कोणाचा एवढंच तो लक्षात ठेवत नाही, तो कुठून यायला हवा हेही ठेवतो.

मामांनी कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण त्यांनी दोन सकाळी पिंजरा पालातच ठेवला आणि ओढ्याकाठी नुसते कान देऊन बसले. आणि मग आम्हाला म्हणाले, ‘पोरांनो, उगवतीला याचा जुना शेजारी हाय. आपण रोज तिकडूनच बोलवायलोय. याला वाटायलंय, तोच बोंबलतोय.’

पुढचं ऐका. या लोकांकडे आणखी एक विद्या होती, शिकवलेल्या बैलाची. पाखरं माणसाला बुजतात, चरत्या जनावराला बुजत नाहीत. म्हणून बैल रमतगमत चरत पुढं जायचा आणि त्याच्या आडोशाने माणूस. मामा बैलाच्या आडून ओढा ओलांडून मावळतीच्या बाजूला गेले, जिकडून त्या नराने कधी परक्याची हाक ऐकली नव्हती, आणि तिथं पिंजरा ठेवून फासे मांडले. पिंजऱ्यातला दोनदाच बोलला, आणि मामांनी वरून कापड टाकून त्याला गप्प केलं. बाभळीखालचाही गप्प झाला. आम्हाला वाटलं, गेला. मामा मात्र बोटानेच खाली बसा म्हणाले. बराच वेळ काही नाही, आणि मग पिंजऱ्याच्या पाठीमागून, एक शब्द न बोलता, मान खाली घालून तो पळत आला. त्याच्या दोन्ही पायांचे काटे मामांनी आम्हाला दाखवले, लांब आणि अणकुचीदार. त्या रात्री पालावर चूल पेटली, ती त्याच्यावरच.

तुम्ही तोंडं पाडू नका. ती त्यांची भाकरी होती, आणि त्या माणसांचे हाल कमी नव्हते. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो कागदावरून पुसायला 1952 साल उजाडावं लागलं, आणि लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. पुढं 1972 साली वन्यजीवांचा कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही थांबली. तितर धरणं आज गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, कारण माळ नांगरले गेले, झुडपं गेली, पाखरांना जागा उरली नाही. पण मामांच्या कानांत जे होतं ते कुठल्या शाळेत मिळत नाही, याची मला हळहळ वाटते. तिकडे अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ नावाच्या संस्थेबरोबर फासेपारध्यांनी गवताची रानं राखायला घेतली, हे वाचलं तेव्हा मला मामांचीच आठवण झाली. पाखरू कुठं झोपतं, कुठं अंडी घालतं हे त्यांच्याहून चांगलं कोणाला ठाऊक?

हां, तर त्या बाभळीचं राहिलंच. नर गेला, पण चांगली जागा मोकळी राहत नसते. थोड्याच दिवसांत तिथं दुसरा नर येऊन बोलायला लागला, पातळ, कोवळ्या आवाजाचा. आणि उगवतीचा तो जुना शेजारी, जो इतके दिवस निवांत चरायचा, तो त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बांधावर येऊन घसा फोडून ओरडायला लागला. ज्वारीची रास होईपर्यंत त्या दोघांचं भांडण चाललं होतं.