अर्धा स्टॉप

बोरा बाजारातल्या त्या जिन्यावर पहिल्यांदा चढले तेव्हा पिशवीत बाबांचा झेनिट कॅमेरा होता आणि मनात एक शंका: हा काळवंडलाय की मी?

दिवाळीआधी माळा आवरताना तो सापडला. झेनिट-ई, अंगावर १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं चिन्ह. बाबांच्या कारखान्यातले एक साहेब रशियाला गेले होते, त्यांनी येताना आणलेला. बाबा डावा डोळा लावायचे म्हणून मीही डावाच लावायला शिकले. त्यामुळे फिल्म पुढे सरकवताना उजवा अंगठा दर वेळी कपाळावर आपटायचा. इतक्या वर्षांनी तो पुन्हा डोळ्याला लावला. बाहेर सकाळचे लख्ख अकरा वाजलेले आणि आत दिवेलागण. माझ्या आठवणीतला झेनिट एवढा अंधारा नव्हता.

"झेनिट अंधाराच असतो, ताई," काका म्हणाले. "तुम्ही तेव्हा लहान होतात."

काका सत्तरी ओलांडलेले. गिरगावातून रोज चालत येतात आणि आयुष्यभर कॅमेरेच उघडत आलेत. खोली आठ बाय दहाची. तिच्यात लायटर फ्लुइडचा वास भरलेला आणि त्याच्याखाली आणखी एक, पावसाळ्यात रबरी चपलेला येतो तसला. तो कुजलेल्या फोमचा, हे नंतर कळलं. त्या वासासाठी मी पुढे चार वेळा गेले. कुणी विचारलं असतं तर व्ह्यूफाइंडरच्या उजेडाची तुलना करायची आहे, असं सांगितलं असतं. तेही खोटं नव्हतं.

तुलना करायची तर सगळ्यांना एकच उजेड दाखवायला हवा. काकांनी ट्यूबलाइटपुढे बटर पेपर ताणून चिकटवला आणि त्यावर स्केचपेननं एक उभी रेघ मारली. टेबलावर पाच कॅमेरे मांडले: माझा झेनिट, काकांचा स्वतःचा पेंटॅक्स के१०००, आणि गिऱ्हाइकांचे ऑलिंपस ओएम-१, निकॉन एफएम२ आणि कॅनन ईओएस ३००. लेन्स सगळ्यांना पन्नासच्या आसपासची, पण कुठे १.८ ची तर कुठे २ ची. मी म्हटलं, इथेच फरक पडला की! काकांनी मान हलवली. "अर्ध्या स्टॉपच्या आतलं माणसाच्या डोळ्याला कळत नाही."

एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, अर्धा स्टॉप म्हणजे साधारण १.४ पट. हा अर्धा स्टॉप काका दिवसभर वापरतात. आरसा मळलाय? अर्धा स्टॉप, जाऊ द्या. प्रिझममध्ये फंगसची एक टिकली? अर्ध्या स्टॉपच्या आत.

आधी लाइटमीटर आयपीसला टेकवून पाहिला. मीटर जरा तिरका झाला की आकडा बदलायचा, आणि दहा मिनिटांत माझा त्यावरचा विश्वास उडाला. मग एकामागून एक कॅमेरे डोळ्याला लावून पाहिले. त्यातही गोम आहे. एक खाली ठेवून दुसरा उचलेपर्यंत डोळा नव्या उजेडाला सरावतो आणि मघाशी काय पाहिलं ते विसरतो. एवढं मात्र मीटरशिवाय कळत होतं की झेनिट सगळ्यांच्या मागे, आणि बराच मागे.

लेन्समधून आलेला उजेड आरशावरून वर स्क्रीनवर पडतो, तिथे चित्र उमटतं, प्रिझम ते सुलटं करतो आणि मग डोळ्यापर्यंत पोचवतो. वाटेत प्रत्येक जण थोडा थोडा खातो, सरकारी अनुदानासारखा. सगळ्यात जास्त खाते ती स्क्रीन. बाबांच्या झेनिटमध्ये नुसती घासलेली काच आहे. ती उजेड चहूकडे उधळते आणि कोपऱ्यातला बराचसा डोळ्याकडे येतच नाही. बाकीच्या कॅमेऱ्यांत फ्रेनेल असते. ओएम-१ ची सुटी स्क्रीन चिमट्यात तिरकी धरून काकांनी मला तिच्यावरची गोल गोल कडी दाखवली, जुन्या गाण्याच्या तबकडीसारखी बारीक. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी जी युक्ती काढली, तीच इथे नखाएवढ्या जाडीत. कडेला भरकटणारा उजेड ती डोळ्याकडे वळवते.

शहाणपणा म्हणून मी के१००० च्या स्क्रीनवरची धूळ रुमालानं पुसायला गेले. काकांनी मनगट धरेपर्यंत उशीर झाला होता. स्क्रीन प्लॅस्टिकची असते, तिच्यावर फक्त हवेचा पंप मारायचा. ओरखडा अजून आहे. काका काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

ओएम-१ बद्दल मी आधीच ऐकून होते, तरी पहिल्यांदा डोळा लावल्यावर माणूस आत पडतो. मैतानी योशिहिसा यांनी १९७२ मध्ये एवढासा कॅमेरा केला आणि त्याला खिडकी दिली हवेलीची. मोठेपण ०.९२. पन्नासची लेन्स लावून दोन्ही डोळे उघडे ठेवले तर आतलं आणि बाहेरचं जग जवळजवळ एका मापाचं दिसतं. फिल्मवर येणार त्यातलं ९७ टक्के समोर. झेनिटमध्ये २४ बाय ३६ मिलिमीटरच्या फिल्मपैकी २० बाय २८ चाच तुकडा दिसतो. हिशेब केला, ६५ टक्के. आमच्या जुन्या अल्बमात प्रत्येक फोटोच्या कडेला कुणाची तरी बादली, सायकलचं चाक, शेजारच्यांचा अर्धा मुलगा का असतो, ते त्या दुपारी कळलं. बाबांना ते दिसलेच नव्हते. आई मात्र शेवटपर्यंत बाबांनाच बोलत राहिली.

हवेलीलाही वाळवी लागते. त्या ओएम-१ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये खालून तपकिरी डाग चढला होता. काकांनी वरचं झाकण काढलं आणि तो चपलेचा वास एकदम भपकन आला. प्रिझमला चिकटवलेला फोम विरघळून काकवी झालेला. काका तो लाकडी काडीनं सोडवत होते, श्वास धरून. काकवीबरोबर प्रिझमवरची चांदी पापुद्र्यासारखी सुटून आली. गेलेली चांदी परत येत नाही, प्रिझमच बदलावा लागतो, आणि तो मिळतो दुसऱ्या मेलेल्या ओएम-१ मधून. "हे अर्ध्या स्टॉपच्या बाहेरचं," काका म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी आपला आकडा मोडला.

मग ईओएस ३००, १९९९ चा. खिडकी लहान, ०.७ ची. प्रिझम काचेचा नाही, तीन-चार आरसे जोडून वेळ मारून नेलेली, आणि आरशातून थोडा उजेड खाली ऑटोफोकसला द्यावा लागतो. इतकी गळती असून चित्र फारसं अंधारं नव्हतं. काका म्हणाले, "लेन्स २.८ वर ठेवा आणि ते बटण दाबा." हे बटण दाबलं की लेन्सचं छिद्र खरोखर मिटतं, म्हणजे १.८ वरून २.८ वर, सव्वा स्टॉपहून जास्त. दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. आतून टिक आवाज आला, चित्र तसंच.

मेख इथे आहे. असली स्क्रीन उजेड कमी विखुरते, सरळ डोळ्याकडे सोडते, म्हणून उजळ दिसते. पण लेन्सच्या कडेनं येणारे तिरपे किरण मग डोळ्यापर्यंत येतच नाहीत, आणि फोकस चुकला की नाही हे सांगणारे किरण नेमके तेच. बटर पेपरवरची रेघ मी हातानं फोकस करायला गेले. रेघ कुठेही बरीच दिसायची, म्हणजे कुठेच खात्री नाही. एफएम२ मध्ये तीच रेघ एका जागी टचकन जुळते. मिनोल्टानं काच वेड्यावाकड्या घासण्याऐवजी सारख्या सूक्ष्म उंचवट्यांची स्क्रीन आणून मध्यममार्ग काढला, हॅसलब्लाडनंही ती पुढे उचलली. तरीही व्ह्यूफाइंडरच्या उजेडाचं कौतुक ऐकलं की मला आता त्या न बदललेल्या चित्राची आठवण होते.

काकांना हे पटत नाही. "लग्नवाल्याला नवरीचं नाक दिसलं पाहिजे. फोकस मशीन करतं."

चौथ्या खेपेला त्यांनीच युक्ती सांगितली: दोन कॅमेरे एकदम, एकेका डोळ्याला. आडवे धरले तर मावत नाहीत. उभे धरायचे, डोक्याला डोकं लावून, की दोन्ही आयपीस डोळ्यांच्या अंतरावर येतात. डावीकडे एफएम२, उजवीकडे त्याच दिवशी नवा प्रिझम बसवलेला ओएम-१. शेजारच्या दुकानातला पोरगा दारात उभा राहून हसत होता. ओएम-१ सरस निघाला. एफएम२ जरासा मंद आणि पिवळट, चहाचा डाग धुतल्यावर राहतो तसा.

"आता उलटे करा," काका म्हणाले.

उलटे केले. मंद आणि पिवळट बाजू डावीच राहिली.

पुन्हा केले. डावीच.

"किती?" काकांनी विचारलं.

"अर्धा स्टॉप," मी म्हटलं. "थोडा कमीच."

काका झेनिटचे स्क्रू आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मी तीन वर्षांपूर्वी दोन्हींची ऑपरेशनं केली." झेनिटची काच आणि आरसा त्यांनी साफ केला होता, पैसे सांगितले चारशे.

खाली उतरले तेव्हा रस्त्यावर टेम्पोतून खोकी उतरत होती. झेनिट काढला आणि मुद्दाम उजवा डोळा लावला. नाक कुठे ठेवायचं ते कळेना. लेन्सची रिंग उघडून हमालाच्या डोक्यावरच्या चुंबळीवर फोकस केलं, मग रिंग मिटत ८ वर आणली आणि आतली संध्याकाळ हळूहळू रात्र झाली. बटण दाबलं. लिव्हर ओढला. अंगठा कपाळाला लागला नाही.